पाच-सोळावरून पुढे

मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात राग माझ्या वाट्याला आला आणि शांतपणा वहिनीच्या. वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची बायको. नणंद-भावजयीचं पटत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्याकडे येऊन बघावं. आमचं इतकं पटतं की दादा अधूनमधून विचारतो, मी या घरात पाहुणा आहे का? तर ही हकिकत वहिनीची आहे, पण सांगणार मी. ती सांगायला बसली तर 'मॅच होती, झाली' एवढ्यावर आटपेल.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला. बॅडमिंटनचा हॉल आहे, चार कोर्टांचा, उंच पत्र्याचा. मी काउंटरवर बसते. कोर्टाचं बुकिंग, लॉकरच्या किल्ल्या, हरवलेले मोजे आणि 'माझा नंबर आधी होता' म्हणून होणारी भांडणं, हे सगळं माझ्याकडे. वहिनी गटिंग करते. रॅकेटची जाळी तुटली की जुनी कापून काढायची, नवा गट, म्हणजे जाळीचा दोरा, ओवायचा आणि ज्याला जेवढा ताठ हवा तेवढाच ताणायचा. तिची खोली चौथ्या कोर्टाच्या मागे आहे. पूर्वी तिथं झाडू आणि बादल्या ठेवायचे. आता एक मशीन, एक स्टूल, एक ट्यूबलाइट आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रॅकेटी. प्रत्येक रॅकेटला चिठ्ठी लावलेली, कोणाची आणि ताण किती पाउंड.

लग्न होऊन आली तेव्हा रॅकेट कुठल्या बाजूनं धरतात हेही तिला माहीत नव्हतं. हॉलमधल्या म्हाताऱ्या गटिंगवाल्याचे डोळे अधू झाले होते, त्याला हाताखाली कोणीतरी हवं होतं. मी वहिनीला चिकटवून दिलं. म्हातारा खडूस होता. एक दोरा चुकला की सगळी जाळी उसवायला लावायचा. उभे बावीस, आडवे बावीस, एक वरून एक खालून, आणि कुठं एका ठिकाणी चुकलं तर झालं, पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने वहिनीच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मी एकदा शेजारी बसून विचारलं, "अजून किती राहिले गं?"

"हातात आहे तो," ती म्हणाली.

"अगं, पण एकूण?"

"मोजायला लागलं की हात घाई करतात. तू मोजू नकोस. मोजायचंच असेल तर काउंटरवर जाऊन मोजे मोज."

अशी तिची बोलण्याची पद्धत. हे एवढं बोलली म्हणजे त्या दिवशी खूपच बोलली.

गटिंग झालं की ती रॅकेट तशीच खिळ्याला लावत नाही. दुपारी हॉल रिकामा असतो, तेव्हा ती रॅकेट घेऊन कोर्टावर जाते आणि पाच-पंचवीस फुलं मारून बघते. फूल म्हणजे शटल, आमच्याकडे कोणी शटल म्हणत नाही. समोर उभी राहायला मी. माझ्या अंगात खेळ असा नाहीच, पण रोज फूल परत मारता मारता माझाही दंड भरला. आणि वहिनी? बावीस वर्षं रोज दुपारी. जड रॅकेट, हलकी रॅकेट, ताठ, ढिली, कोणाचीही असो. तिला खेळ कोणी शिकवला नाही आणि ती शिकली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते फक्त पोरांच्या. सकाळी साडेसहाला लहान मुलांची बॅच असते. आठ-नऊ वर्षांची चिल्लीपिल्ली, स्वतःपेक्षा मोठी किट घेऊन येतात. जुने कोच त्यांना कोर्टाभोवती पळायला लावायचे आणि स्वतः बाकावर बसून फोनवर बोलायचे. मग एकेक पोर हळूच मागच्या खोलीत जायचं. "काकू, माझी सर्व्हिस नेटमध्येच जाते." वहिनी हातातला दोरा चिमट्यात अडकवायची, बाहेर यायची, पोराचं मनगट धरून दोनदा दाखवायची आणि परत आत. असं नऊ वर्षं चाललं. पोरं कप आणायची, आणि कपांबरोबरच्या फोटोत मधे कोण? जुने कोच! मला तो फोटो दिसला की अजून डोक्यात तिडीक जाते.

यंदा कोचना दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली आणि ते गेले. जागा रिकामी झाली. त्या दिवशी घरी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "मला ती बॅच हवी आहे."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'हवी आहे' मी ऐकलं नव्हतं. 'चालेल', 'असू दे', 'बघू' हेच तिचे शब्द. दादानंसुद्धा टीव्हीचा आवाज कमी केला.

"मग माग की," मी म्हटलं. "अर्ज कर."

तिनं अर्ज केला. अर्ज दोनच आले. दुसरा हॉलच्या कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या भाचीचा. तिला हॉलमध्ये सगळे चॅम्पियन म्हणतात. तेवीस वर्षांची, उंच, जिल्ह्यासाठी खेळलेली. मुलगी वाईट नाही हो, उगाच कशाला खोटं बोलू. येता-जाता हसते, किल्ली परत देताना 'थँक्यू ताई' म्हणते. सेक्रेटरीसाहेबांबद्दल मात्र मला चांगलं बोलायला सांगू नका.

कमिटीची मीटिंग झाली तेव्हा मी बुकिंगचं रजिस्टर घेऊन कोपऱ्यात बसले होते. वहिनीचा अर्ज वाचून साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "गटिंगवाल्या बाई शिकवणार? उद्या स्विमिंग पूलचा पंपवाला म्हणेल, मी पोहायला शिकवतो!"

सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरीचा प्रश्न, मूग गिळून बसले.

कमिटीत एक हेडमास्तर आहेत. शाळेतून रिटायर झाले, पण खडूची सवय गेली नाही. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहून काढतात. ते म्हणाले, "माझी नात बाईंकडूनच शिकली. बाईंना खेळता येतं."

"खेळता येतं?" साहेब म्हणाले. "मग होऊन जाऊ दे मॅच! एकवीसचा एक गेम. जिंकेल तिची बॅच. बाई जिंकल्या तर मी स्वतः सही करीन."

पुन्हा हशा. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. "हे इतिवृत्तात घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"घ्या की!" साहेब डोळे पुसत म्हणाले. मीटिंग संपल्यावर इतिवृत्ताखाली त्यांनी सहीही ठोकली, न वाचता. चहा आला होता ना समोर.

मॅच रविवारी सकाळी दहाला ठरली. साहेबांना वाटलं होतं, बाई ऐकूनच माघार घेतील. बाईंनी फक्त 'बरं' म्हटलं. मग बातमी पसरली आणि रविवारी हॉल भरला. एरवी वहिनीला रॅकेट देताना तिच्या तोंडाकडेही न बघणारी मंडळी बाकावर जागा धरून बसली. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून हत्यारांची पिशवी घेऊन तसाच आला. पोरांची बॅच पहिल्या रांगेत. पंचाच्या उंच खुर्चीवर हेडमास्तर.

आणि मॅच सुरू झाली. काय सांगू? बघवेना.

वहिनी दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये खेळणारी बाई. दीडशे डोळे अंगावर घेऊन खेळायची तिला सवय कुठली? पहिलीच सर्व्हिस नेटमध्ये. दुसरी बाहेर. चॅम्पियन उडी मारून असा स्मॅश मारायची की फूल वहिनीच्या पायाशी आपटून झालेलं असायचं आणि हिची रॅकेट तेव्हा कुठं खाली यायची. एक-सात. दोन-नऊ. वहिनी प्रत्येक फुलावर जीव काढून तुटून पडायची, रेषेवरच मारायला जायची, आणि फूल वीतभर बाहेर. तीन-अकरा झाले तेव्हा मिनिटभराची विश्रांती मिळाली.

मी पाणी घेऊन धावले. तिचे हात बाटली धरताना थरथरत होते.

"हातपाय गळाले गं," ती म्हणाली. "पाय माझे नाहीतच असं वाटतंय."

मी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब तिथं आले. चेहऱ्यावर असं गोड हसू की बघूनच दात शिवशिवावेत. "बाई," ते म्हणाले, "छान खेळलात. आता हात मिळवून टाका. उगाच सगळ्यांचा रविवार कशाला?"

हे जरा समजावून सांगते. आमच्याकडे कोर्टं चार आणि खेळणारे चाळीस. त्यामुळे एक रीत पडली आहे. कोणी फारच मागे पडला की त्यानं आपणहून नेटपाशी जायचं, हात मिळवायचा आणि कोर्ट मोकळं करून द्यायचं. याला आमच्याकडे समजूतदारपणा म्हणतात. वा रे समजूतदारपणा! इतकी वर्षं मी काउंटरवरून बघतेय, हा समजूतदारपणा दरवेळी नवख्यांकडून मागतात, जाड्या बायकांकडून मागतात, शनिवारी मुलांना घेऊन येणाऱ्या बापांकडून मागतात. सेक्रेटरीसाहेब स्वतः गेल्या वर्षी अठरा-चारनं मागे होते, तेव्हा त्यांच्याकडे मागायची कोणाची छाती झाली नाही. ते शेवटच्या पॉइंटपर्यंत खेळले आणि वर पंचाशी भांडले.

वहिनीनं तोंड पुसलं. "अजून संपलेला नाही ना गेम?" तिनं विचारलं.

"तसा नाही, पण..."

"मग संपू दे," ती म्हणाली आणि कोर्टावर गेली.

बोलली खरी, पण अवस्था तीच. चार-चौदा. पाच-पंधरा. पहिल्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. पाच-सोळाचा पॉइंट चॅम्पियननं स्मॅश मारून घेतला आणि त्याच फटक्यात फट्ट आवाज झाला. तिच्या रॅकेटचा गट तुटला.

आता नियम साधा आहे. गट तुटला की आपली दुसरी रॅकेट घ्यायची. नसली तर कोणाची तरी मागून घ्यायची. हेडमास्तरांनी तेच सांगितलं. चॅम्पियनची दुसरी रॅकेट होती, पण ती वहिनीच्या खोलीत खिळ्याला, गट नसलेली. का? तर शुक्रवारी साहेबांनी आपल्या पाहुण्यांच्या चार रॅकेटी पाठवल्या होत्या, 'हे आधी करा' म्हणून. स्वतःच्या भाचीची रॅकेट त्यांनी स्वतःच मागे ठेवायला लावली होती! आणि आता उठून काय म्हणावं या माणसानं?

"दुसऱ्याच्या रॅकेटनं खेळायला लावणं हा माझ्या भाचीवर अन्याय आहे. गटिंगवाल्या बाई आहेतच की इथं. करून देतील. तोवर मॅच थांबवू."

क्षणभर मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हरत असलेल्या बाईनं मधेच कोर्टावरून उतरून समोरच्या मुलीची रॅकेट बांधून द्यायची, आणि मग तिच्याच हातून उरलेला मार खायचा! मी ओरडलेच, "साहेब, काही लाज?" दादानं माझा दंड धरला. हेडमास्तर म्हणाले, "हे नियमात बसत नाही." साहेब म्हणाले, "कमिटीच्या अधिकारात बसतं."

चॅम्पियनचा चेहरा लाल झाला होता. "काकू, राहू द्या, मी कोणाची तरी घेते," ती म्हणाली.

वहिनीनं तिच्या हातातली तुटकी रॅकेट घेतली. उलटसुलट करून पाहिली. "किती पाउंड?" तिनं विचारलं.

"अठ्ठावीस. पण खरंच..."

"तू तुझ्याच रॅकेटनं खेळ. पंचवीस मिनिटं लागतील. तोवर बस."

मी तिच्या मागोमाग खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. त्या माणसाला अशा शिव्या दिल्या की दादानं बाहेरून दार ठोठावलं. वहिनीनं जुना गट कापला, रॅकेट मशीनवर आवळली, नवा गट मोजून तोडला. पहिली गाठ तिच्या हातून सुटली. बावीस वर्षांत मी तिची गाठ सुटलेली पाहिली नव्हती.

"ढिली बांध!" मी म्हटलं. "बावीस पाउंड ठेव. कोणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," वहिनी म्हणाली. "आणि तिला नाही कळलं तर ते जास्त वाईट."

आणि काटा अठ्ठावीसवर ठेवून कामाला लागली. मी स्टुलाशेजारी उकिडवी बसले आणि चडफडत राहिले. उभे दोरे एकेक करत ताणले गेले. सातव्या-आठव्या दोऱ्याला माझ्या लक्षात आलं, तिचे हात थरथरायचे थांबले होते. श्वास खाली बसला होता. आडवे दोरे ओवायला घेतले तेव्हा ती आपणहून बोलायला लागली.

"मी मघापासून काय करतेय माहितीये? प्रत्येक फुलात अकरा पॉइंट भरून काढायला बघतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढी मागे आहे, तर असा काहीतरी जबरदस्त शॉट मारावा की सगळं एकदम फिटून जावं. आणि तो बाहेर गेला की अजून एक मागे. मग पुढचा त्याहून जबरदस्त." एक वरून, एक खालून, तिची बोटं चालली होती. "अगं, एका फुलाला एकच पॉइंट मिळतो. कितीही जोरात मारलं तरी एकच."

मला तर तेव्हाही साहेबांचा गळाच दिसत होता.

थोड्या वेळानं तिनं कापलेल्या जुन्या गटाकडे बोट दाखवलं. "तो कुठं तुटलाय बघ."

"वरच्या टोकाला."

"मधे तुटायला हवा. जो नीट मारतो त्याचा गट मधे झिजतो. हिचा मधे नवाकोरा आहे आणि टोकाला चिरलाय. म्हणजे मागं जाताना हिला उशीर होतो, फूल टोकावर घेते." तिनं पुढचा दोरा ताणला. "खेळताना नाही दिसलं मला. इथं दिसलं."

मला उठून नाचावंसं वाटलं. बाहेर बसलेल्या त्या शहाण्यानं आपल्या भाचीचं सगळं गुपित आपल्या हातानं वहिनीच्या मशीनवर आणून ठेवलं होतं.

शेवटची गाठ मारून तिनं जाळीवर नख मारून आवाज ऐकला आणि रॅकेट नेऊन चॅम्पियनच्या हातात दिली. तिनंही बोटानं दाबून पाहिली, मान डोलावली. पंचवीस मिनिटं ती बाकावर बसून होती. मामांनी प्रेमानं बिस्किटं खायला घातली होती, तिचं अंग गार पडलं होतं. वहिनीचं अंग मशीनवर राबून गरम होतं. हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पाच-सोळा. पुढे चालू."

त्यानंतर वहिनीनं एकही जबरदस्त शॉट मारला नाही. प्रत्येक फूल उंच, छपराकडे, आणि थेट मागच्या डाव्या कोपऱ्यात. परत आलं तर पुन्हा तिथंच. बघणाऱ्यांना कंटाळा येईल असा खेळ. चॅम्पियन मागे पळायची, उडी मारायची, आणि फूल रॅकेटच्या टोकाला लागून नेटमध्ये. सहा. सात. आठ-सोळा. मग तिचा एक स्मॅश बसला, आठ-सतरा. वहिनीनं फूल उचललं, पिसं सरळ केली आणि तिला परत टाकलं, जसं काही झालंच नव्हतं. बोर्ड चौथ्या कोर्टाच्या भिंतीवर आहे, तिच्या समोरच. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

बारा-सतरा झाले तेव्हा बाकांवरची कुजबुज थांबली. बारा-अठरा. तेरा, चौदा, पंधरा. पोरं ओरडायला लागली. सतरा-अठरा. साहेब उभे राहिले होते, हाताची घडी घालून. सतरा-एकोणीस. वहिनीचा श्वास मला काउंटरपर्यंत ऐकू येत होता, चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे ती. एकोणीस-एकोणीस. मग चॅम्पियननं नेटजवळ अलगद टाकलेलं फूल वहिनीला पोचताच आलं नाही. एकोणीस-वीस. आता एकच गेला की सगळं गेलं.

दादा डोळे मिटून बसला होता. मला मिटवेनात. वहिनीनं तेच केलं जे मघापासून करत होती. उंच आणि मागे. पुन्हा उंच आणि मागे. अकरावं की बारावं फूल होतं, मी मोजत होते, ती नव्हती. चॅम्पियनचं फूल नेटच्या पट्टीला लागून तिच्याच बाजूला पडलं. वीस-वीस. आता दोन पॉइंटनी पुढे जाईल तीच जिंकणार. एकवीस-वीस. आणि शेवटचा स्मॅश दोन बोटं बाहेर गेला.

बावीस-वीस.

पोरं कोर्टावर धावली. मी रडत होते की ओरडत होते, माझं मला ठाऊक नाही. आणि त्या गोंधळात सेक्रेटरीसाहेबांचा आवाज आला, "थांबा! थांबा! ही मॅच धरता येणार नाही."

पोरं जिथल्या तिथं थबकली.

"मधे पंचवीस मिनिटांचा खंड पडला," ते म्हणाले. "असा खेळ नियमात बसत नाही."

अहो, खंड पाडला कोणी? मी तोंड उघडणार तोच ते पुढं म्हणाले, "शिवाय, समोरच्या खेळाडूची रॅकेट जिनं बांधली, तीच जिंकली. आत दार लावून काय केलं, देव जाणे. मी आरोप करत नाही. पण लोक म्हणतील."

लोक म्हणतील! लोकांच्या नावावर ही घाण तिच्या अंगावर टाकली. बावीस वर्षांत त्या बाईनं अर्धा पाउंड कमी-जास्त केला नाही. ज्यांनी तिला कधी धड नमस्कार केला नाही त्यांच्यासुद्धा रॅकेटी तिनं तितक्याच ताठ बांधल्या. आणि दार मी लावलं होतं, मी! ढिली बांध असंही मीच म्हटलं होतं. मी काउंटरवरून बाहेर पडले ते आज काय वाटेल ते होवो, नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच.

पण वहिनी माझ्या आधी हलली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती नेटखालून पलीकडे गेली आणि चॅम्पियनसमोर हात केला. "तुझी रॅकेट दे."

चॅम्पियननं दिली. वहिनीनं आपली रॅकेट तिच्या हातात ठेवली.

"आता मी बांधलेली रॅकेट माझ्याकडे," ती साहेबांकडे वळून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत पोचत होता. "ढिली असेल, वाकडी असेल, काय केलं असेल ते माझंच मला बाधेल. मी जिनं जिंकले ती तुमच्या भाचीकडे. खंड पडला म्हणता ना, मग जिथं पडला तिथून घेऊ. हेडमास्तर, बोर्ड पाच-सोळावर लावा."

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. "सोळा कोणाचे?"

"तिचेच," वहिनी म्हणाली. "माझे पाच."

ती आपल्या बाजूला गेली, गुडघे वाकवून सर्व्हिस घ्यायला उभी राहिली. घाम हनुवटीवरून टपटपत होता. बोर्डावर पाच-सोळा लागलं. सगळे साहेबांकडे बघत होते. साहेब भाचीकडे.

चॅम्पियननं हातातल्या रॅकेटकडे पाहिलं. "मामा," ती म्हणाली, "माझी रॅकेट बरोबर होती. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. मला मागचा कोपराच सापडत नव्हता." मग अगदी हळू म्हणाली, "आणि इथून मी पुन्हा हरले, तर तिसऱ्यांदा कुठून खेळायला लावाल?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. "बरं बरं," ते म्हणाले, "राहू दे आता. झालं ते झालं. बघू पुढच्या मीटिंगमध्ये."

"राहू दे नाही," वहिनी म्हणाली. ती तशीच वाकून उभी होती. "पुढच्या मीटिंगमध्ये नाही. खेळायचं तर फूल टाका. नाहीतर सही करा."

हेडमास्तर खुर्चीवरून उतरले. नेमणुकीचा कागद त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत घालून आणलाच होता, शाळामास्तर तो. वही त्यांनी साहेबांसमोर उघडून धरली आणि त्यांचीच सही असलेलं पान बोटानं दाखवलं. पेन मी दिलं. साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पेन माझ्याकडे फेकलं.

पोरांनी एकच कल्ला केला. दादा हत्यारांची पिशवी विसरून कोर्टाकडे निघाला.

"वहिनी, चल, झालं!" मी हाक मारली.

ती जागची हलली नाही. दुसऱ्याची रॅकेट समोर धरून, डोळे साहेबांवर ठेवून तशीच उभी. "त्यांनी पूर्ण सही केली का नुसतं आद्याक्षर," ती म्हणाली, "ते आधी बघ."

मी वाकून बघितलं. आद्याक्षरच होतं. मी पेन पुन्हा साहेबांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पूर्ण करा."